सहा पंखे आणि ३२ जीबी रॅम घेण्याआधी कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढ

तू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस असं लिहिलंयस, म्हणून अरे-तुरे करते. मी गेली सोळा वर्षं दादरला कॉम्प्युटर जुळवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करते. दर उन्हाळ्यात तुझ्यासारखी मशीन माझ्याकडे येतातच.

तुझी अडचण मला अशी समजली. भांडुपला घर आहे, खोलीत एसी नाही. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी रॅम, म्हणजे मेमरी. कॅबिनेटला पुढून काच, काचेमागे तीन पंखे, पाठीमागे एक. गेम पंचवीस-तीस मिनिटं छान चालतो आणि मग अडकायला लागतो. त्या वेळी कार्ड ८४ अंशांवर आणि प्रोसेसर ८८ वर असतो. दुकानदाराने सांगितलं, सहा आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे लाव आणि रॅम ३२ जीबी कर. बजेट दहा हजार, त्यातले एक हजार तू ॲडव्हान्स देऊन बसलायस, आणि विचारतोयस की दोन्हीपैकी आधी काय घेऊ.

खरं तर प्रश्न आधी काय घ्यायचं हा नाही. मशीन अडकतंय ते उष्णतेमुळे की मेमरीमुळे, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. दोन्हींची लक्षणं वरवर सारखी दिसतात, पण नीट पाहिलं तर वेगळी असतात. उष्णतेचं अडकणं वेळेवर अवलंबून असतं. पहिली वीस मिनिटं काही होत नाही, मग एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) हळूहळू उतरतात आणि उतरलेलेच राहतात. गेम बंद करून पंधरा मिनिटं थांबलास तर पुन्हा सगळं ठीक. रॅम अपुरी पडते तेव्हा अडकणं जागेवर अवलंबून असतं. नव्या भागात शिरलास, नकाशा बदलला, मागे ब्राउझर उघडा आहे, की अर्धा-एक सेकंद चित्र गोठतं आणि पुन्हा धावायला लागतं. तू सांगितलेलं लक्षण पहिल्या प्रकारचं आहे. मात्र तू पाठवलेल्या फोटोत मेमरीचाही एक दोष दिसतोय, आणि तो नवीन रॅम घेऊन सुटणारा नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी उष्णता. आकडे किती वाईट आहेत ते बघू. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, म्हणजे तुझा प्रोसेसर मर्यादेच्या दोन पावलं अलीकडे उभा आहे. ३०६० चं कार्ड साधारण ८३ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतं. म्हणजे कार्ड जीव वाचवण्यासाठी वेग कापतंय आणि प्रोसेसर त्याच्या उंबरठ्यावर आहे. मशीन जळणार नाही, ती भीती काढून टाक. पण तू पैसे मोजलेस तेवढं काम ते देत नाहीये.

आता हे लक्षात घे की कॅबिनेटमधला कुठलाही पंखा खोलीपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. खोलीत ३३ अंश असतील तर मोजणी ३३ पासून सुरू होते. एसीच्या २५ अंशांत हेच मशीन साधारण आठ अंश कमी दाखवेल. म्हणून परदेशातल्या व्हिडिओत कुणाचं कार्ड ६५ वर चाललेलं पाहून आपल्या मशीनला नावं ठेवू नकोस. मे महिन्यात, एसीशिवाय, मुंबईत ३०६० पंचाहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या घरात राहिलं तर मी ते मशीन निरोगी समजते.

मग पंखे करतात काय? आत तयार झालेली उष्णता बाहेर नेतात, बस. तुझं मशीन गेम चालताना ढोबळमानाने ३०० वॉट उष्णता सोडतं. कार्डचे १७०, प्रोसेसरचे सत्तर-पंचाहत्तर, बाकी मदरबोर्ड, एसएसडी आणि एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे). आता गणित कर. कॅबिनेटमधून मिनिटाला २५ घनफूट हवा जात असेल तर ती बाहेर पडेपर्यंत २२ अंशांनी तापते. ५० घनफूट गेली तर ११ अंशांनी. १०० गेली तर साडेपाच. १५० गेली तरी जवळजवळ चार. पंख्याच्या खोक्यावर पंचावन्न-साठ घनफूट लिहिलेलं असतं, पण तो आकडा मोकळ्या हवेतला. जाळी, फिल्टर आणि आतल्या वायरींमधून जाताना निम्मा उरला तरी पुष्कळ. म्हणजे पहिला पंखा प्रचंड फरक पाडतो, दुसरा बऱ्यापैकी, तिसरा-चौथा थोडा, आणि पाचवा-सहावा एक-दीड अंशासाठी आवाज वाढवतो. तुझ्याकडे चार पंखे आहेत. आकड्यांप्रमाणे पाहिलं तर पंख्यांची कमतरता तुला नाहीच.

तरीही मशीन तापतंय, कारण पुढचे तीन पंखे काचेच्या मागे आहेत आणि कॅबिनेट टेबलाच्या लाकडी कप्प्यात आहे. फोटोत काच आणि फ्रेममध्ये जेमतेम बोटभर फट दिसते. तीन पंख्यांनी त्या फटीतून हवा ओढायची. आणि मागचा पंखा जी गरम हवा बाहेर फेकतो ती भिंतीला आपटून कप्प्यातच फिरते आणि पुन्हा पुढच्या फटीतून आत येते. तुझ्या खोलीत ३३ अंश असतील, पण तुझ्या कॅबिनेटला चाळीसच्या पुढची हवा मिळतेय. अशा जागी सहाच काय, दहा पंखे लावले तरी ती गरम हवा गोल गोल फिरवण्यापलीकडे काही होणार नाही.

गेल्या मेमध्ये गिरगावात एका घरी हेच पाहिलं. मुलाने आधीच पंखे वाढवून घेतले होते, एकूण सात, सगळे इंद्रधनुष्यासारखे फिरत होते, आणि कार्ड ८६ वर. मी देवघरातली एक उदबत्ती मागून घेतली, पेटवली, आणि गेम चालू असताना काचेच्या फटीपासून वीतभर लांब धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो सरळ वर जात राहिला. मग उदबत्ती कॅबिनेटच्या मागे नेली, तर धूर भिंतीवरून वळून कॅबिनेटच्या बाजूने पुढे सरकला आणि टेबलाच्या वरच्या फळीखाली साठला. त्या मुलाला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही दोघांनी कॅबिनेट उचलून टेबलाच्या बाजूला एका लाकडी पाटावर ठेवलं, काच काढून ठेवली, आणि अर्ध्या तासात कार्ड ७६ वर स्थिरावलं. सातपैकी तीन पंखे मी काढून त्याच्या हातात दिले. तू हा प्रयोग जरूर कर, फक्त राख आत जाणार नाही इतकी उदबत्ती लांब धर.

तेव्हा तुझं पहिलं काम फुकटातलं आहे. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढ. भिंतीपासून वीतभर तरी अंतर ठेव. जमिनीवर थेट ठेवू नकोस, कारण केर काढताना उडणारी धूळ खालच्या एसएमपीएसच्या पंख्यातून सरळ आत जाते. पाट, स्टूल, काहीही चालेल. मग तोच गेम, तीच सेटिंग, तीस मिनिटं खेळ आणि तापमान लिहून ठेव. नंतर बाजूची काच उघडून पुन्हा तीस मिनिटं खेळ. उघड्या कॅबिनेटमध्ये कार्ड सहा-आठ अंशांनी उतरलं, तर दोष कॅबिनेटच्या हवेचा आहे आणि पुढे जाळी असलेलं कॅबिनेट किंवा त्याच कॅबिनेटला काचेऐवजी जाळी बसवणं हा उपाय आहे. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर कॅबिनेट निर्दोष आहे. मग कार्डच्या स्वतःच्या पंख्यात धूळ आहे किंवा चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळली आहे.

बाजू कायम उघडी ठेवू का, असं पुढे विचारशील. आठवडाभर ठेवलीस तर बिघडत नाही. पण आपल्याकडची धूळ साधी नसते. सध्या मुंबईत जिथे बघावं तिथे जुनी इमारत पाडून नवी उभी राहतेय, त्यामुळे हवेत सिमेंटची बारीक भुकटी. त्यात समुद्राचा दमटपणा. आणि लहान घरांत स्वयंपाकघर दहा पावलांवर, म्हणजे फोडणीचा तेलकट धूर. हे तीन एकत्र आले की हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांवर राखाडी, चिकट थर बसतो. तो ब्लोअरने निघत नाही. मऊ ब्रश आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, आणि हाताशी वेळ असावा लागतो. म्हणून आत येणारी हवा फिल्टरमधून यावी आणि बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त यावी. मग फटीफटीतून धूळ आत ओढली जात नाही. तुझ्या मशीनला पुढे दोन किंवा तीन आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढी रचना पुरेशी आहे. छताला पंखा लावायचाच तर मागच्या कोपऱ्यात, बाहेर फेकणारा. पुढच्या कोपऱ्यात लावलास तर तो नुकतीच आत आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच वर ओढून घेतो.

फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धू आणि पूर्ण वाळल्यावरच बसव. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. हवेच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा जोरात फिरला तर बेअरिंग जातं, आणि मग दोन महिन्यांनी घरघर सुरू होते.

पंखे उलटे बसवलेले असण्याची शक्यताही तपासून बघ. पंख्याची एक बाजू मोकळी असते, दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या आणि स्टिकर असतो. हवा मोकळ्या बाजूने आत शिरते आणि काड्यांच्या बाजूने बाहेर पडते. चौकटीवर बाण असेल तर तोही बघ. आरजीबी पंख्याची देखणी बाजू म्हणजे मोकळी बाजू. ती आतून दिसावी म्हणून काही जण पुढचे पंखे फिरवून लावतात, आणि आत घेणारे पंखे बाहेर फेकणारे होऊन बसतात. असं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कॅबिनेट उघडलं की आधी हेच बघते.

एवढं करून पंखे घ्यायचेच ठरले, तर दोन चांगले घे, सहा दिखाऊ नकोत. काचेमागे किंवा दाट फिल्टरमागे लावायचे असतील तर खोक्यावर हवेच्या आकड्याशेजारी दाबाचा आकडा असतो, तो बघ. आर्क्टिक पी१२ सारख्या साध्या, बिनदिव्याच्या पंख्यावर हा आकडा २.२ मिलिमीटर (पाण्याच्या उंचीत मोजलेला) आहे आणि अडथळ्यातून हवा ढकलायला तो पुरतो. दुसरं, चार पिनांचा पंखा घे. तीन पिनांचा पंखाही चालतो, बहुतेक मदरबोर्ड त्याचा वेग व्होल्टेज कमीजास्त करून सांभाळतात. पण स्वस्त आरजीबी संचातले पंखे पुष्कळदा जुन्या मोठ्या चार पिनांच्या मोलेक्स जोडणीवर चालतात. ती थेट एसएमपीएसला लागते, मग बायोसला (मदरबोर्डच्या आतल्या सेटिंगच्या प्रोग्रॅमला) पंखा दिसतही नाही आणि तो रात्रंदिवस एकाच वेगाने ओरडत राहतो. मदरबोर्डच्या एका हेडरवर (पंख्याची वायर लागते त्या जागेवर) सहसा एक अँपिअरपर्यंतच भार टाकायचा असतो. दोन-तीन पंख्यांना दुभाजक चालेल, सहांना वेगळी वीज घेणारा हब लागेल.

आणि दिव्यांची वायर जोडताना थांब, नीट बघ. तीन पिनांचे दिवे ५ व्होल्टचे, चार पिनांचे १२ व्होल्टचे. ५ व्होल्टचा दिवा १२ वर जोडला की तो त्याच क्षणी जातो.

पंखे लावल्यावर बायोसमध्ये जाऊन त्यांचा वेग तापमानाशी बांधून दे. तुझ्यासाठी मी असं ठेवेन: ४५ अंशांपर्यंत ४० टक्के, ६० ला ५५, ७५ ला ८०, आणि ८२ च्या पुढे पूर्ण. रायझनचं तापमान क्षणात दहा अंश उडी मारतं आणि परत येतं, त्यामुळे पंखे सारखे वर-खाली होऊन घरच्यांची झोप मोडते. बायोसमध्ये वेग बदलायला काही सेकंदांचा विलंब देण्याची सोय असते, ती वापर.

प्रोसेसरचं वेगळं सांगायला हवं. कप्प्याबाहेर काढूनही तो ८५ च्या वरच राहिला, तर कॅबिनेटचे पंखे त्याला फारशी मदत करणार नाहीत. ५६०० सोबत येणारा छोटा कूलर खाली हवा मारणारा, बुटका असतो. मुंबईच्या उन्हाळ्यात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. दोन हजारांच्या आसपास १२० मिलिमीटर पंख्याचा, चार नळ्यांचा उभा कूलर मिळतो आणि सहा आरजीबी पंख्यांपेक्षा तो तुझ्या प्रोसेसरला कितीतरी जास्त देईल. घेण्याआधी कूलरची उंची तुझ्या कॅबिनेटमध्ये बसते का, आणि पहिल्या स्लॉटमधल्या रॅमच्या उंच पत्र्याला तो अडतो का, ते मोजून घे.

जुना कूलर काढताना मात्र घाई करू नकोस. या पिढीच्या रायझनला खालून १३३१ पिना असतात आणि प्रोसेसर सॉकेटमध्ये फक्त एका छोट्या दांडीने धरलेला असतो. पेस्ट वाळलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. एकदा एक मुलगा रुमालात गुंडाळून असाच प्रोसेसर घेऊन आला होता. एका कोपऱ्यातल्या अकरा पिना आडव्या झाल्या होत्या. भिंगाखाली धरून, यांत्रिक पेन्सिलीची शिसं काढून टाकलेली नळी एकेका पिनेवर सरकवत, शेजारच्या ओळीशी नजर जुळवत मी त्या सरळ केल्या. पावणेदोन तास लागले. सुदैवाने एकही तुटली नाही, आणि मशीन चालू झालं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणून सांगते, कूलर काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालव म्हणजे पेस्ट मऊ होते. मशीन बंद कर, प्लग काढ, स्क्रू किंवा क्लिप सोडव, आणि कूलर आधी डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरव. सैल झाल्याचं हाताला कळतं. मगच उचल.

एक पैसाही न लागणारे आणखी दोन उपाय आहेत. तुझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर गेमला ७५ एफपीएसची मर्यादा घाल. पडद्यावर न दिसणाऱ्या फ्रेम काढण्यात कार्ड तापवू नकोस. आणि कार्डची वीजमर्यादा ८५-९० टक्क्यांवर आण. खेळताना फरक सहसा जाणवत नाही, तापमान मात्र उतरतं. ३०० वॉटचं मशीन बंद खोलीत तीन तास चाललं की खोलीच तापते, तेव्हा जितके वॉट कमी तितकं तुलाही बरं.

आता रॅम. तुझ्या फोटोत दोन्ही स्टिक एकमेकींना चिकटून, प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये आहेत. तुझ्या बोर्डला चार स्लॉट आहेत, आणि पहिले दोन एका चॅनेलचे, पुढचे दोन दुसऱ्या चॅनेलचे. म्हणजे तुझ्या दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवर आहेत, दुसरा रिकामा. फलाटावर दोन जिने असताना सगळी गर्दी एकाच जिन्याने उतरावी तसं. शिवाय विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेग २४०० दिसतोय आणि स्टिकच्या खोक्यावर ३२०० लिहिलंय असं तूच म्हणतोस. खोक्यावरचा वेग आपोआप मिळत नाही. तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. गिगाबाइटच्या बोर्डवर त्याला एक्सएमपी म्हणतात, एमएसआयच्या अशा बोर्डवर ए-एक्सएमपी, आसुसच्या बोर्डवर डीओसीपी.

याचा अर्थ आकड्यांत बघ. २४०० वर एका चॅनेलमधून सेकंदाला १९.२ जीबी माहिती जाऊ शकते. ३२०० वर दोन चॅनेलमधून ५१.२ जीबी. आणि रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी वाटही सहसा मेमरीच्याच तालावर चालते. मेमरी मंद, तर तीही मंद. त्यामुळे अशा चुकीचा फटका रायझनला जास्त बसतो. सरासरी एफपीएसमध्ये तो तितका दिसत नाही, पण मधेच बसणारे धक्के, गर्दीच्या प्रसंगात चित्र क्षणभर मागे पडणं, हे यातूनही येतं. तू मशीन घेतल्यापासून हे असंच चाललंय. जुळवणाऱ्याने तेव्हाच बघायला हवं होतं, ते पाहिलं नाही याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा मशीन बंद कर, प्लग काढ, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दे. आपल्याकडच्या दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी असतो, तरी आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लाव. स्टिक काढून प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसव. खाच जुळव, दोन्ही टोकांना सारखा दाब दे, आणि टक असा आवाज होऊन क्लिप आपोआप मिटली पाहिजे. काढलेल्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट डाग दिसले तर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पूस. खोडरबरने घासायची पद्धत आपल्याकडे फार आहे, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये जाऊन बसतात. मी ते करत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिटभर काळा राहू शकतो. बोर्ड नव्या जागेची ओळख करून घेत असतो, मधेच बटण दाबू नकोस. चालू झालं की बायोसमध्ये एक्सएमपी लाव. नंतर सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेग १६०० दिसला तर दचकू नकोस. डीडीआर मेमरी प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देते, म्हणून १६०० म्हणजेच ३२००. मशीन ३२०० वर उठलंच नाही, तर दोन-तीन प्रयत्नांनंतर बोर्ड स्वतःच जुन्या वेगावर येतो. आला नाही तर प्लग काढून बोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेव. मग ३००० किंवा २९३३ वर प्रयत्न कर.

त्यानंतर रात्री झोपताना पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेव. चार फेऱ्या पूर्ण होऊन एकही चूक दिसली नाही तर मेमरी पक्की. एक जरी लाल ओळ दिसली तरी वेग एक पायरी खाली आण आणि पुन्हा तपास. हे टाळू नकोस. अर्धवट स्थिर मेमरी गेम बंद पाडते तेवढ्यावर थांबत नाही, फाइलीही बिघडवते, आणि त्यात तुझा कॉलेजचा प्रोजेक्टही आला.

मग ३२ जीबी लागणार का? ते तू मागे काय उघडं ठेवतोस यावर आहे. गेम, डिस्कॉर्ड आणि नेहमीचे ब्राउझरचे टॅब चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये वापर बारा जीबीच्या आत असेल, तर ३२ ने तुझा गेम वेगवान होणार नाही. वापर साडेचौदाच्या वर टेकतोय आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख उसळतोय, तर खरंच रॅम कमी पडतेय. तशी वेळ आली तर १६ च्या दोन स्टिकचा एकत्र पॅक केलेला संच घे, सध्याच्या ८ च्या दोन विकून टाक. जुन्यात भर घालून चार स्टिक केल्या तर सगळ्या सर्वांत मंद स्टिकच्या वेगाने चालतात, आणि तोही वेग कधी कधी खाली आणावा लागतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन स्टिकमध्येही आतल्या चिप वेगळ्या निघतात, म्हणून वेगवेगळ्या वेळी घेतलेल्यांची जोडी जमेलच याची खात्री नसते. डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीवाल्यांनी तर चार स्टिकचा विचार आणखी जपून करावा. रायझन ७००० ला ते बनवणारी एएमडी स्वतः दोन स्टिकवर ५२०० चा वेग देते आणि चारवर ३६०० चा. तुझा बोर्ड डीडीआर४ चा आहे, डीडीआर५ त्यात बसणारच नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

भावाचंही बघ. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी भराभर महाग झाली, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल या नावाने घरगुती ग्राहकांना मेमरी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात गरज नसताना ३२ जीबी घेणं मला पटत नाही. घ्यायचीच वेळ आली तर लॅमिंग्टन रोडला दोन-तीन दुकानांत भाव विचार, पाकीट सीलबंद आहे ना ते बघ, आणि जीएसटीच्या बिलावर सिरियल नंबर लिहून घे. रॅमवर कंपन्या बरीच वर्षं वॉरंटी देतात, पण बिल नसेल तर तिचा उपयोग होत नाही.

क्रम असा ठेव. शनिवारी सकाळी कॅबिनेट बाहेर, साफसफाई, पंख्यांची दिशा, रॅमचे स्लॉट, एक्सएमपी. दुपारी बाजूची काच लावून आणि उघडून तापमानाची नोंद. रात्री मेमटेस्ट. रविवारी तुझ्या हातात तापमानाचे चार आकडे असतील. प्रोसेसर ८५ च्या वर असेल तर कूलर, आणि काच उघडल्यावर कार्ड बरंच उतरत असेल तर जाळीचं कॅबिनेट, ही खरेदी. दोन्ही लागलं तरी दहा हजारांत बसेल.

दिलेले एक हजार बुडतील म्हणून नको असलेली रॅम घेऊ नकोस. सोमवारी दुकानात जा, शांतपणे सांग की रॅम नको, त्या पैशांत उभा कूलर आणि एक थर्मल पेस्टची ट्यूब दे. बहुतेक दुकानदार वस्तू बदलून द्यायला तयार होतात, कारण त्यांनाही गिऱ्हाईक टिकवायचं असतं. जाण्याआधी ते चार आकडे इथे लिही. मी बघून सांगते की कूलर खरंच लागतोय का, कारण कप्प्याबाहेर काढल्यावर तोही लागणार नाही अशी बरीच शक्यता मला दिसते.